डोकं थंड, बटर थंड!

अंडं नाही, यीस्ट नाही, क्रीमचा पसारा नाही. तरीही घरी अ‍ॅपल पाय करायचा म्हटलं की भल्याभल्यांची विकेट पडते. या रविवारी ट्राय करणार असाल तर आधी हे वाचा.

बनाना ब्रेड झाला, मगमधला केक झाला, ब्राऊनी तर आता डोळे मिटूनही जमते. २०२० च्या लॉकडाऊनने आपल्या पिढीला ओव्हन तापवायला शिकवलं, हे मान्यच करावं लागेल. पण अ‍ॅपल पायचं नाव काढा, लगेच सगळे मेनूकार्ड चाळायला लागतात. लहानपणी कार्टूनमध्ये खिडकीत गार करायला ठेवलेला, वाफा सोडणारा पाय आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो घरी करता येतो हे मात्र आपल्या गावीही नसतं.

घाबरायची कारणं तीनच. वरचं कव्हर दगडासारखं होतं, तळ ओला गिचका होतो आणि आतल्या सफरचंदाचा लगदा होतो. गंमत म्हणजे या तिन्हींवरचा इलाज एकच आहे: घाई न करणं. पायमध्ये हाताला काम असतं जेमतेम तासाभराचं, बाकी सगळं थांबणं. सोमवार ते शुक्रवार डेडलाइनच्या मागे धावणाऱ्या मंडळींना हेच सगळ्यात अवघड जातं. बटर गार व्हायला थांबा, सफरचंदाला पाणी सुटायला थांबा आणि भाजून झाल्यावर पुन्हा थांबा. जो थांबला, तो जिंकला!

अंडं नाही, बॉस!

आधी गुड न्यूज. अ‍ॅपल पायमध्ये अंडं लागत नाही. एगलेस व्हर्जन वगैरे करायची भानगडच नाही, मूळ पदार्थातच ते नसतं. मैदा, बटर, पाणी, सफरचंद, साखर, मसाला. संपली यादी. वरून चकाकी यावी म्हणून काही जण अंड्याचा हात फिरवतात, पण तिथे दूध लावलं तरी रंग छान येतो.

याचं महत्त्व ज्यांच्या घरी ओट्यावर अंडं चालत नाही त्यांनाच कळेल. आमच्याकडे ओटीजी आला तोच मुळी आजीच्या अटीवर, की त्यात अंडं जाता कामा नये. वर्षानुवर्षं आमच्या घरी वाढदिवसाचा केक कापला की आजी टाळ्या वाजवायची आणि तिच्या हातावर पेढा ठेवला जायचा. बाहेरून आणलेल्या एगलेस केकवरही तिचा विश्वास नाही, भट्टी तीच आणि भांडीही तीच ना! पायचं सगळं सामान मात्र तिच्या डोळ्यांसमोर ओट्यावर मांडलेलं होतं. तिने तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि ही तर मोठी करंजी आहे असं जाहीर करून टाकलं. मग दुसरा तुकडा मागितला. सगळ्यांच्या बरोबरीने, त्याच ताटलीतून. एका पायने यापेक्षा जास्त काय करावं?

एक सावधगिरी मात्र बाळगा. ऑनसाइट गेलेल्यांनी किंवा जाणाऱ्यांनी तिकडे तयार पाय घेताना पाकिटावरची यादी जरूर वाचावी. जुन्या पद्धतीच्या पायच्या पारीत डुकराची चरबी घालतात आणि आजही काही ठिकाणी ती वापरली जाते. घरी करण्याचा हाही एक फायदा. आत काय गेलंय ते तुम्हाला ठाऊक असतं.

अमेरिकन? कोण म्हणतं?

अमेरिकेत एखादी गोष्ट अस्सल देशी आहे असं सांगायचं असेल, तर तिला अ‍ॅपल पायची उपमा देतात. प्रत्यक्षात हे महाशय पक्के परदेशी आहेत. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका हस्तलिखितात सफरचंदाच्या पायची कृती सापडते. त्यात सफरचंदांबरोबर अंजीर, मनुका आणि नासपती आहेत, रंगाला चक्क केशर आहे. पारीला तेव्हा ‘कॉफिन’ म्हणायचे. दचकू नका, त्या काळी या शब्दाचा अर्थ नुसती पेटी असाच होता.

इंग्लंडमधून हा पदार्थ बोटीने अमेरिकेला गेला. अमेरिकन लेखिकेने अमेरिकेत छापलेलं पहिलं कुकरी बुक म्हणून ओळखलं जाणारं अमेलिया सिमन्सचं पुस्तक १७९६ सालचं. त्यात अ‍ॅपल पाय आहे. म्हणजे किमान चारशे वर्षं इंग्रजांच्या ओव्हनमध्ये काढल्यावर साहेब अमेरिकन झाले!

आतल्या सामानाचं पासपोर्ट चेकिंग केलं तर आणखी मजा येते. सफरचंदाचं मूळ घर कझाकस्तानातल्या डोंगरांत. गहू पश्चिम आशियातला. दालचिनी श्रीलंकेची आणि जायफळ इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं, पण ही दोघंही आता आपल्या कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत सुखाने नांदतात. आणि साखर? उसाच्या रसापासून दाणेदार साखर करायची कला भारतातली. इंग्रजीतला ‘शुगर’ हा शब्दही आपल्या ‘शर्करा’चाच नातलग. तेव्हा पाय करताना आपण कुणाची तरी कॉपी मारतोय हा न्यूनगंड आधी डोक्यातून काढून टाका.

आपलं सफरचंद इतकं गोड का?

आता मुद्द्याची गोष्ट. पाय बिघडतो तो बहुतेक वेळा ओव्हनमध्ये नाही, फळवाल्याकडेच बिघडतो.

आपल्याकडे कैरी वेगळी आणि आंबा वेगळा. साखरांब्याला हापूस कुणी घेत नाही, त्याला आंबट, कडक कैरीच लागते. इंग्रजांचा सफरचंदांच्या बाबतीत हाच हिशोब. खायचं फळ वेगळं, शिजवायचं वेगळं. शिजवायच्या सफरचंदांचा तिकडचा राजा म्हणजे ब्रॅमली. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ मध्ये बिया पेरल्या, त्यातून हे झाड उगवलं. पुढे ते घर ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतलं आणि नाव लागलं त्याचं. मेरीच्या वाट्याला क्रेडिट नाही. ऑफिसमध्ये असं झालेलं तुम्हीही पाहिलं असेलच!

आपल्या बाजारात हे शिजवायचं सफरचंद का दिसत नाही? त्याचं उत्तर शिमल्याजवळच्या कोटगढला आहे. इंग्रजांनी हिमाचलात सफरचंदाच्या बागा एकोणिसाव्या शतकातच लावल्या होत्या, पण त्यांच्या आवडीच्या त्या आंबटसर जातींवर इथलं गिऱ्हाईक फारसं भाळलं नाही. मग आला सॅम्युअल स्टोक्स. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला भारतात आला आणि इथलाच झाला. १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतल्या ‘स्टार्क ब्रदर्स’ या नर्सरीकडून रेड डेलिशिअसची रोपं आणून कोटगढला लावली. हे फळ लाल, देखणं आणि गोड. बाजार त्याने मारून नेला. स्टोक्स पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरला, तुरुंगात गेला आणि १९३२ मध्ये हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाला. वाशीच्या किंवा गुलटेकडीच्या मार्केटमध्ये ‘शिमला’ म्हणून जे लालबुंद सफरचंद आपण घेतो, त्यातल्या कितीतरी फळांचं मूळ या अमेरिकन रोपांपर्यंत जातं.

म्हणजे अमेरिकन सफरचंद शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडे आलं, फक्त पायचं सफरचंद आलं नाही. रेड डेलिशिअस कच्चं खायला झकास, पण भाजलं की मऊ पडतं आणि आंबटपणा नसल्याने पाय नुसता गोडमिट्ट लागतो. आंबट फळ आकार जास्त टिकवतं. कारण फळाच्या पेशी एकमेकांना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहजासहजी विरघळत नाही.

मग करायचं काय? हिरवी ग्रॅनी स्मिथ आणा. ही खरोखरच्या आजीची देणगी बरं का! १८६८ मध्ये सिडनीजवळ मारिया अ‍ॅन स्मिथ या आजीबाईंच्या बागेत हे झाड सापडलं, म्हणून ‘ग्रॅनी’. ती इम्पोर्टेड असल्यामुळे खिशाला चाट बसते, तेव्हा जुगाड असा: दोन भाग हिरवी आणि एक भाग शिमला. हिरवी आकार धरते, शिमला विरघळून सॉस होते. सीझनमध्ये, म्हणजे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, हिमाचल-काश्मीरची पिवळी गोल्डन मिळाली तर सोडू नका. ती भाजल्यावरही बऱ्यापैकी उभी राहते. आणि फक्त शिमलाच हाताशी असेल तर साखर कमी करा, लिंबू दोन पिळा आणि फोडी जाड ठेवा.

करंजीच्या बरोब्बर उलट

पायची पारी समजून घ्यायला परदेशी शेफचे व्हिडिओ बघायची गरज नाही, दिवाळी आठवा. करंजीच्या पिठात आई कडकडीत तुपाचं मोहन घालते. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, त्यामुळे पीठ चिवट होत नाही आणि पारी खुसखुशीत होते. चिरोट्याला पदर सुटतात कारण पोळ्यांच्या मध्ये साटा असतो.

पायला दोन्ही हवंय, खुसखुशीतपणाही आणि पदरही. म्हणून इथे मोहनाचा नियम उलटा करायचा. बटर फ्रीजमधलं थंडगार. त्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहिले पाहिजेत. लाटताना ते चपटे होतात आणि पिठाच्या थरांमध्ये साट्यासारखे बसतात. बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असतं. ओव्हनच्या धगीत बटर वितळतं, त्या पाण्याची वाफ होते, वाफ थर उचलते आणि पदर सुटतात. बटर आधीच वितळलं तर उचलायला काही उरतच नाही. हा सगळा खेळ आहे तो एवढाच.

आता मुंबईच्या घामट हवेत बटर थंड कसं ठेवायचं? सोप्पं आहे.

एक, मैदासुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. दोन, पाण्यात बर्फ टाका. तीन, तळहात गरम असतो, त्यामुळे बटर बोटांच्या टोकांनीच चोळा. चार, कणीक तिंबतात तसं अजिबात तिंबू नका, गोळा जेमतेम जमला की थांबा. पाच, ओट्यावर लाटा. परदेशात पेस्ट्रीवाले दगडाच्या थंड फरशीवर जीव टाकतात, आपल्याकडे ग्रॅनाइटचा नाहीतर कडप्प्याचा ओटा आहेच! एरवी पोळपाटावर मावणारी पोळी इथे पुरत नाही, हे दुसरं कारण. थालीपीठ थापतो तसा प्लास्टिकचा कागद खाली-वर घेतला तर पीठ चिकटत नाही. आणि फारच उकडत असेल तर लाटणं घेऊन सरळ एसीच्या खोलीत जा. लाज कसली?

पाणी सुटतंय!

दुसरी लढाई तळाची. सफरचंदाच्या फोडींना साखर लावली की पाणी सुटणारच. ते टिनमध्ये सुटलं की तळ भिजून बसतो. म्हणून ते आधीच सोडवून घ्यायचं. फोडींना साखर, लिंबू आणि मसाला चोळून पाऊणएक तास झाकून ठेवा, मग चाळणीत निथळा. खाली जमलेला रस फेकायचा नाही, त्यातच सगळा जीव असतो. एका छोट्या पातेल्यात तो निम्मा होईपर्यंत आटवा. पाकासारखा दाटसर झाला की गॅस बंद. गार करून परत फोडींवर ओता आणि वरून कॉर्नफ्लोअर भुरभुरा. चव तीच, पाणी मात्र कमी.

याचा एक बोनस आहे. फोडी थोड्या आकसतात, त्यामुळे टिनमध्ये जास्त बसतात. नाहीतर भाजताना सफरचंद खाली बसतं, कव्हर वरच राहतं आणि मध्ये हवेचा घुमट तयार होतो. सुरी लावली की धाडकन कोसळतो!

चला, लागा कामाला

साहित्य (८ ते ९ इंची टिन, आठ तुकडे)

पारीसाठी: मैदा ३०० ग्रॅम, थंड बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १ मोठा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा (नेहमीचं खारं बटर असेल तर मीठ वगळा), बर्फाचं पाणी ६ ते ८ मोठे चमचे.

सारणासाठी: सफरचंदं सव्वा किलो, साखर १०० ग्रॅम, एका लिंबाचा रस, दालचिनी पूड १ छोटा चमचा, किसलेलं जायफळ पाव छोटा चमचा, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ. वरून लावायला दूध आणि थोडी साखर.

कृती: मैदा, मीठ, पिठीसाखर एकत्र करा. बटरचे तुकडे घालून बोटांच्या टोकांनी चोळा. वाटाण्याएवढे तुकडे दिसत असतानाच थांबा. चमचा-चमचा पाणी घालत गोळा जमवा. दोन भाग करा, एक जरा मोठा. चपटे करून, गुंडाळून किमान तासभर फ्रीजमध्ये.

तोवर सफरचंदं सोलून, बिया काढून अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या फोडी करा आणि वर सांगितल्याप्रमाणे रस सोडवून, आटवून घ्या. सारण पूर्ण गार हवं. गरम सारण म्हणजे बटरचा खातमा.

मोठा गोळा साधारण ३ मिलिमीटर जाड लाटून टिनमध्ये अलगद बसवा. ताणू नका, ताणलेली पारी भाजताना आकसते. सारण भरा, मध्ये थोडं उंच. दुसरी पारी वर घाला, कडा चिमटीने मुरडा. करंजीची मुरड येत असेल तर इथे कॉलर टाइट करायची संधी आहे! सुरीने वर चार-पाच चिरा द्या, वाफेला वाट हवी. सगळा टिन पुन्हा वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग दूध लावा, साखर भुरभुरा आणि ओव्हनकडे चला.

पायचा उथळ टिन नसेल तर उथळ केकटिन चालतो. क्रॉफर्ड मार्केट किंवा पुण्याच्या बोहरी आळीत एक चक्कर मारली तर टिनांची हवी तेवढी व्हरायटी मिळते. फक्त आधी आपला ओटीजी मोजून जा!

ओव्हनसमोर

ओटीजी २२० डिग्रीवर, खालची-वरची दोन्ही रॉड चालू ठेवून तापवा. आत एक पत्र्याचा ट्रे ठेवून तोही तापू द्या आणि पायचा टिन त्याच्यावरच ठेवा. तळाला खालून दणका बसतो आणि तो ओला राहत नाही. वीस मिनिटांनी १८० डिग्री करा आणि आणखी ३५ ते ४५ मिनिटं भाजा. छोट्या ओटीजीत वरची रॉड जवळ असते, कव्हर लवकर लाल होतं. तसं दिसलं की वरून सैलसर फॉइल घाला. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोड वापरा, धातूचा टिन मायक्रोवेव्ह मोडमध्ये ठेवायचा नाही. आणि काचेचं भांडं फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सारू नका, तडकेल.

झालं हे ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका. वरच्या चिरांमधून दाट रस बुडबुडताना दिसला पाहिजे. कॉर्नफ्लोअर शिजल्याशिवाय दाटपणा येत नाही, आणि रस नीट उकळल्याशिवाय कॉर्नफ्लोअर शिजत नाही. कव्हर सोनेरी झालं म्हणून पाय बाहेर काढला, तर ताटलीत सफरचंदाचं सार येतं.

अब आयेगा मजा!

शेवटची परीक्षा सगळ्यात जीवघेणी. घरभर दालचिनीचा घमघमाट, पाय समोर, आणि तुम्ही त्याला तीन तास हात लावायचा नाही. गरम पाय कापला तर रस वाहून जातो, तो घट्ट व्हायला गार व्हावंच लागतं. या तीन तासांत पिक्चर बघा, भांडी घासा, आई-बाबांना फोन करा. फक्त सुरी लपवून ठेवा. खाताना कोमट हवा असेल तर तुकडा नंतर पाच-दहा मिनिटं ओव्हनमध्ये गरम करता येतो. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम असेल तर क्या बात है. अमेरिकेत काही ठिकाणी पायबरोबर चेडर चीजचा तुकडा खातात. ऐकायला विचित्र वाटेल, पण गोडाबरोबर खारट आपल्याला नवीन थोडंच आहे? पुरणपोळीबरोबर कटाची आमटी असतेच की!

कॅफेत एक स्लाइस मागवून फोटो काढणं सोपं आहे, त्यात काही गैर नाही. पण आपल्या कामाचं आठवड्याभरात नेमकं काय झालं, हे आपल्यातल्या कितीजणांना शुक्रवारी संध्याकाळी बोट ठेवून दाखवता येतं? फाइल पुढे जाते, कोड कुठेतरी चढतो, प्रेझेंटेशन कुणीतरी दुसराच मांडतो. पाय मात्र पिठापासून ताटलीपर्यंत सबकुछ तुमचा असतो. पहिल्या खेपेला कड थोडी वाकडी होईल, एखादी चीर फाटेल. फाटू दे. आठ तुकडे आहेत. एक शेजारच्या काकूंना द्या, एक वॉचमनकाकांना आणि उरला तर सोमवारी डब्यात. दुसऱ्या दिवशी चव आणखी मुरते.

फक्त ऑफिसात डबा उघडताना आजूबाजूला बघून घ्या!